दोनातोची शपथ

माझ्या आणि दोनातोच्या घरात भिंत एकच, आणि तीही पातळ. तिकडे त्याच्या बायकोने, हेझलने, कपाट आपटलं की इकडे माझ्या कपबशा हलतात. तेव्हा दोनातोबद्दल इंग्लंडातल्या या बेडफर्डात कुणाला काही बोलायचं असेल, तर त्याने आधी माझ्याकडे यावं. परवा बेकरीत एक बाई म्हणाली, "जन्माची बायको टाकून म्हातारा इटलीला पळाला म्हणे." माझी सटकलीच. म्हटलं, "पळाला? त्याची बॅग बायकोने भरली, शर्टांना इस्त्री करून. स्टेशनवर माझ्या गाडीतून गेला. पळून जाणारा माणूस असा जातो का गं, बये?" ती पाव न घेताच निघून गेली. जाऊ दे, पाव कुठेही मिळतो.

मी ग्लेनिस. मूळची वेल्सची, लग्न करून इथे आले आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिले. तोंडाळ आहे, सगळे म्हणतात, मीही म्हणते. शेजारी मात्र नशिबाने मुके मिळाले.

दोनातो सतरा वर्षांचा असताना इथे आला. दक्षिण इटलीतलं डोंगरावरचं गाव, घरात खाणारी तोंडं फार, आणि एक मामा आधीच इथल्या वीटभट्टीवर. तेव्हा बेडफर्डच्या आसपास उंचच उंच धुराडी होती. वारा फिरला की अख्ख्या गावाला सडक्या अंड्यांचा वास यायचा. भट्टीत शिरून गरम विटा बाहेर काढायचं काम. इथली पोरं दोन दिवस करायची आणि तिसऱ्या दिवशी उगवायचीच नाहीत. दोनातोने ते भट्टी बंद पडेपर्यंत केलं. तळहाताची कातडी अशी झाली होती की ओव्हनमधला ट्रे नुसत्या हाताने काढायचा आणि हेझल किंचाळायची. मुकादमाला 'दोनातो' म्हणायला जड जायचं, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी त्याचा डॉन करून टाकला. यानेही "बरं" म्हटलं आणि जन्मभर डॉन राहिला. मी मात्र त्याला पूर्ण नावाने हाक मारायचे. माझं नावसुद्धा इथे कुणाला नीट घेता येत नाही, तेव्हा मला ते कळतं.

हेझल तेव्हा भट्टीच्या रस्त्यावर तळलेल्या माशांच्या दुकानात काउंटरला होती. दर शुक्रवारी हा रांगेत उभा राहायचा आणि हेझल मोकळी होईपर्यंत मागच्यांना पुढे सोडायचा. रांगेत आपणहून मागे सरकणारा माणूस या देशाने त्याआधी पाहिला नव्हता. हेझलच्या ते लगेच लक्षात आलं. तिचा बाप युद्धात इटलीत लढून आलेला, खवट म्हातारा. तो म्हणाला, "बाहेरचा माणूस माझ्या घरात चालणार नाही." हेझल म्हणाली, "बाहेरचा कोण? हा डॉन आहे." बाप लग्नाला आला नाही. पुढे दर रविवारी जेवायला मात्र यायचा, कारण मांस भाजावं तर दोनातोनेच.

मूलबाळ झालं नाही. त्या दुःखाबद्दल दोघांपैकी एकाकडूनही अक्षर कधी माझ्या कानावर आलं नाही. कुत्री पाळली, एक गेलं की दुसरं. ऑगस्टमध्ये दोनातो परसात पिंपभर टोमॅटो उकळायचा आणि माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर हमखास शिंतोडे यायचे. मी कुंपणावरून शिव्या घालायचे. संध्याकाळी तो सॉसच्या चार बाटल्या माझ्या पायरीवर ठेवून गुपचूप निघून जायचा. बोलणं असं नाहीच. दुखलं-खुपलं, राग आला, सगळ्याला एकच उत्तर, "काही नाही, ठीक आहे." हे मात्र त्याने इथेच उचललं. त्याची बहीण असुन्ता एकदा आली होती, ती बाई आनंद झाला तरी भांडल्यासारखी बोलायची. दोनातो तसा राहिला असता तर बरं झालं असतं.

मग ते सार्वमत आलं. देशाने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर सगळ्यांनी मत द्यायचं होतं. सगळ्यांनी म्हणजे दोनातो सोडून. गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीत तो नेमाने मत द्यायचा, पण यात इटलीच्या माणसाला मत नव्हतं आणि नागरिक व्हायचा कागद त्याने कधी केलाच नव्हता; देश संघात असेपर्यंत इथे राहायला त्याची गरजही नव्हती. "कशाला? मी कुठे जातोय?" म्हणायचा. त्या दिवशी सकाळी त्यानेच गाडी काढून आम्हा दोघींना शाळेत नेलं. आम्ही आत गेलो. तो गेटबाहेर कुत्र्याची दोरी धरून उभा राहिला. बाहेर आल्यावर हेझल म्हणाली, "चला, चहा घेऊ." कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे माणसाचा पगार आणि मत विचारत नाहीत. मीही माझं सांगणार नाही, वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे दूध मागायला गेले. रेडिओवर निकाल चालू होता, देश बाहेर पडला होता. हेझल टोस्टला लोणी लावत होती. म्हणाली, "एकदाचं झालं बाई. आता गर्दी ओसरेल, डॉक्टरची वेळ तरी मिळेल." दोनातो शेगडीपाशी कॉफी करत होता. तो वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग माझं काय होणार?"

हेझल खळखळून हसली. "तुझं? अरे वेड्या, तुझं काय व्हायचंय! हे तुझ्याबद्दल नव्हतंच मुळी. ते बाकीचे, कालपरवा आलेले."

"बरं," दोनातो म्हणाला. त्याने कॉफीचं भांडं खाली ठेवलं आणि कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला. कुत्रं नुकतंच फिरून आलं होतं.

हेझल दुष्ट नाही हो. शाळेत पोरांना जेवण वाढण्यात तिची उमर गेली. डबा न आणलेल्या पोराच्या ताटात गुपचूप दोन चमचे जास्त टाकणारी बाई. पण तिच्या डोक्यात बाहेरची माणसं एका बाजूला होती आणि दोनातो दुसऱ्या बाजूला, चहा आणि शेगडीच्या बाजूला. कागदोपत्री तो पहिल्या बाजूचा आहे, हे तिच्या गावीच नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षं दोनातो वाट बघत राहिला. कुंपणापाशी घेवड्याचे वेल बांधता बांधता एकदा त्याने मला विचारलं, "ग्लेनिस, हेझल तुला काही म्हणाली का?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. ठीक आहे."

मी सरळ हेझलकडे गेले. म्हटलं, "बये, त्या माणसाची माफी माग."

"कशाची?" ती चकितच झाली. "मी डॉनच्या विरुद्ध काही केलेलं नाही."

"केलं नाहीस, पण त्याला लागलंय."

हेझल बराच वेळ भांडं पुसत राहिली. तेच भांडं. मग हळूच म्हणाली, "आता तो विषय काढला ना, तर त्याला वाटेल खरंच काही तरी झालंय." कप्पाळ!

माफी मागण्याऐवजी तिने एक पुस्तक विकत आणलं. इथला नागरिक व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. राजे, लढाया, संसद, सणवार, क्रिकेट, सगळं त्या पुस्तकात. झालं, दोघांची शाळा सुरू. जेवणं उरकली की हेझल टेबलावर पुस्तक उघडायची, सँडविचच्या कडा कापून त्याच्यापुढे ठेवायची आणि प्रश्न विचारायची. मीही जाऊन बसायचे. फुकटची करमणूक.

"आठव्या हेन्रीच्या किती बायकांची मुंडकी उडाली?" हेझल विचारायची.

"दोन. अ‍ॅन आणि कॅथरिन."

"ज्यूरीत माणसं किती?"

"इथे बारा. स्कॉटलंडात पंधरा."

"हे कसं शक्य आहे? पंधरा?" हेझल पान उलटून बघायची. "खरंच की! कुणी केलं हे पुस्तक? इथल्या कुणाला तरी येतं का हे?"

"वेल्सचा संत कोण, ते विचार त्याला," मी म्हणायचे.

"डेव्हिड. एक मार्च," दोनातो माझ्याकडे बघून हसायचा. मी त्याच्या टकलाचा मुका घ्यायचे. हेझल म्हणायची, "माझ्या नवऱ्याला सोड गं, सटवे."

त्या हिवाळ्यात ती त्याच्याशी जितकं बोलली तितकं आधीच्या सगळ्या संसारात बोलली नसेल. फक्त बोलणं सगळं आठव्या हेन्रीबद्दल. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं आणि वाटायचं, आता म्हणेल, आता म्हणेल. ती पुढचा प्रश्न विचारायची.

मग एका सल्ला देणाऱ्या बाईने सांगितलं, पासष्ट पूर्ण झाली की परीक्षा माफ असते. तुम्हाला काही महिनेच राहिलेत, थोडं थांबा. हेझलला कोण आनंद! दोनातो मात्र म्हणाला, "परीक्षा देणार."

"अरे, पण म्हाताऱ्यांना सूट आहे ना!"

"सूट नको," तो म्हणाला. त्याच्या तोंडून 'नको' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हेझलला वाटलं, माझ्या शिकवणीची केवढी गोडी लागलीय याला. ती आणखी जोमाने शिकवायला लागली.

तो पास झाला. आम्ही दोघी बाहेर थांबलो होतो. हेझलने भर रस्त्यात त्याच्या गळ्यात हात टाकले. "बघ! झालास की नाही आमच्यातला!"

"आधी नव्हतो का?" दोनातोने विचारलं. हसतच विचारलं.

"अरे, म्हणजे कागदावर रे."

"हो. कागदावर," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. मला त्या क्षणी हेझलच्या दंडाला कचकन चिमटा काढावासा वाटला. काढायला हवा होता.

पुढचा कागदपत्रांचा घोळ सांगत बसत नाही. उन्हाळ्यात शपथविधी झाला. सरकारी हॉल, भिंतीवर राणीची तसबीर, बाजूला झेंडा. घानाची एक नर्स होती, दोन पोलिश भाऊ होते, एक बांगलादेशी कुटुंब नवे कपडे घालून आलेलं. सगळ्यांना उभं केलं आणि राणीशी, तिच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ म्हणायला सांगितली. बाकीचे पुटपुटत होते. दोनातोचा आवाज सगळ्यांच्या वर. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शब्दन् शब्द भट्टीतून वीट काढून रचावी तसा नीट ठेवत होता. हेझल ढसाढसा रडली. राष्ट्रगीताला मीही उभी राहिले, आणि मी वेल्सची आहे, त्यावरून काय ते समजा.

हेझलने चर्चच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली होती. छोट्या झेंड्यांच्या माळा, जॅम घातलेला मोठा केक, चहाचं पिंप. चहा ओतता ओतता ती मला म्हणाली, "आता सगळं नीट झालं ना गं?"

"तू त्याला म्हणालीस का?"

"केक केलाय ना," हेझल म्हणाली.

डिसेंबरात देशाची निवडणूक लागली. दोनातोने लग्नातला असावा असा कोट काढला, टाय बांधला. त्याच शाळेच्या गेटवर या खेपेला कुत्र्याची दोरी माझ्या हातात, कारण माझं मत मी पोस्टाने पाठवलं होतं. दोघं आत गेली. दोनातो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं होतं, खूश असेल. तो म्हणाला, "पेन्सिल असते गं आत. एवढीशी. दोरीने बांधलेली."

"हो. चोरतात लोक," मी म्हटलं.

घरी आलो. हेझलने चहा टाकला. दोनातोने टाय सोडला नव्हता. तो टेबलापाशी बसला आणि म्हणाला, "हेझल, त्या सार्वमताच्या दिवशी तू आत फुली मारलीस, तेव्हा माझा विचार आला होता का गं मनात?"

मला उठून जावं की बसावं कळेना. हेझल किटली हातात धरून उभी. तिला खोटं बोलता येत नाही, हीच तिची बोंब आहे. तिने खरोखर आठवून पाहिलं, मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ती म्हणाली, "नाही रे राजा. मनातसुद्धा आलं नाही."

काय बोलली होती ती? मी सांगते. ती म्हणाली होती, तू माझ्यासाठी इतका घरचा आहेस की परका म्हणून तू मला सुचतच नाहीस. याहून मोठं प्रेम तिच्याकडे नाही. आणि त्याने काय ऐकलं? की सगळ्यांबद्दल मत द्यायची वेळ आली, तेव्हा माझ्या बायकोच्या मनात मी नव्हतो. दोघंही खरी. एकाने जरी ओरडून पुढचं वाक्य म्हटलं असतं! पण दोनातो म्हणाला, "ठीक आहे." आणि हेझलने विचारलं, "साखर एक की दोन?" जन्मभर त्याच्या चहात साखर घालणाऱ्या बाईने.

मी उठून घरी आले आणि माझं दार इतक्या जोरात आपटलं की काच तडकली.

नाताळच्या जेवणानंतर त्याने सांगितलं, असुन्ता आता एकटी असते, तिच्याकडे जाऊन येतो. हेझलने विचारलं, "किती दिवस?"

"बघू."

"परत येशील ना?"

"येऊ शकतो," दोनातो म्हणाला. "आता मला कुणी अडवू शकत नाही."

हेझलने त्यालाच होकार मानलं. शर्ट इस्त्री केले, मोज्यांच्या जोड्या लावल्या, प्रवासात खायला चीजची सँडविचेस बांधून दिली, कडा कापून. स्टेशनवर ती आली नाही. म्हणाली, गारठा फार आहे. मी गाडी लावली आणि मग मात्र तोंड सोडलं. "दोनातो, तुला जायचंच होतं, तर ती परीक्षा, ती शपथ, हा सगळा तमाशा कशासाठी केलास रे मेल्या? त्या बाईला आशा लावून ठेवलीस!"

तो समोर काचेकडे बघत बसला. मग म्हणाला, "तसाच गेलो असतो तर लोक म्हणाले असते, या देशाने त्याला घालवलं. तिच्या मतामुळे गेला म्हणाले असते. तिलाही कधी ना कधी तसं वाटलं असतं. आता मी इथला आहे. इथला माणूस इथून गेला तर तो आपल्या मर्जीने गेला. तिच्यावर काही येत नाही."

मला काही बोलता येईना. मला, ग्लेनिसला! त्याने माझा हात दाबला, तो खडबडीत तळहात, आणि बॅग घेऊन उतरला. मी गाडीत बसून इतकं रडले की पार्किंगवाला काचेवर टकटक करून विचारायला आला, बरं आहे ना. मी म्हटलं, "अजिबात नाही." बिचारा घाबरून गेला.

फेब्रुवारीत एका रविवारी हेझल माझ्याकडे आली. घरातून फोन लावता येत नाही म्हणाली, घर ऐकतं. तिचं वजन निम्मं झालं होतं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "आज म्हण. नाही म्हणालीस तर या घरातून तुला बाहेर सोडत नाही." तिने मान हलवली. नंबर मीच लावला.

फोन असुन्ताने उचलला. तिला इंग्रजी ओ की ठो येत नाही. तो परका आवाज ऐकला आणि काय झालं देव जाणे, हेझलचा बांध फुटला. "माफ कर मला," ती म्हणाली, "त्याला सांग, मला माफ कर म्हणावं. मी विचारच केला नाही गं. मला तो वेगळा वाटलाच नाही कधी, हेच माझं चुकलं. मला कुणी विचारलं असतं, डॉन हवा की देश, तर मी देश पेटवून दिला असता. हे अंथरूण मला खायला उठतं. त्याच्या बाजूला मी अजून झोपत नाही. त्याला म्हणावं, घरी ये." सगळं बोलली. जे त्या भिंतीने कधी ऐकलं नव्हतं ते सगळं. मी तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबून उभी.

पलीकडून असुन्ता "सी, सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणत राहिली. तिला एक शब्द कळला नव्हता, पण रडणं कळलं असावं. ती मोठ्याने ओरडली, "दोनातो!" पावलं वाजली. कुणीतरी पळत आलं. मग धापा टाकणारा त्याचा आवाज आला, मला लांबून ऐकू आला. "हेझल? काय झालं? हेझल?"

मी दोन्ही हातांनी तिला खुणा केल्या, बोल, बोल, आत्ता बोललीस तेच बोल.

हेझलने बाहीने डोळे पुसले, घसा साफ केला आणि पाठ ताठ केली. "काही नाही रे राजा," ती म्हणाली. "सहजच केला. तिकडे हवा कशी आहे?"

तो फोनला कान लावून थांबला होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"ऊन आहे," शेवटी तो म्हणाला. "आणि तिकडे?"

"इकडे पाऊस," हेझल म्हणाली, आणि मग दोघं पावसाबद्दल बोलत राहिली.